विलो लावून घरापुरतं सरपण निघेल का? (कळमेश्वर साइड)

हुरडा_पार्टी

नमस्कार मंडळी. कळमेश्वरच्या थोडं पुढे आमची दोन एकर जमीन आहे, अर्धी काळी अर्धी मुरमाड, विहीर आहे पण मे महिन्यात तळ दिसतो. तिथं दोन खोल्या बांधल्या आहेत, आई-बाबा बहुतेक तिथंच असतात आणि आम्ही शनिवार-रविवार नागपूरहून जातो. गॅस आहेच, पण हिवाळ्यात अंघोळीला बंब पेटतो, हुरड्याच्या दिवसांत पाहुणे आले की रोडगे आणि वांग्याची भाजी, मटण असलं तर चुलीवरच, आणि आईला लंबी रोटी मटक्यावरच करायची असते. म्हणजे सरपण लागतं आणि ते आता विकत घ्यावं लागून राहिलं, आजूबाजूला पडकं लाकूड काही मिळत नाही.

तर यूट्यूबवर इंग्लंडचे काही व्हिडिओ पाहिले. तिकडे विलो नावाच्या झाडाची काडी जमिनीत खुपसतात, वर्षभरानं जमिनीलगत छाटून टाकतात, त्या खुंटातून भरपूर फुटवे येतात आणि मग दर तीन-चार वर्षांनी तोच खुंट कापत राहायचा, झाड मरत नाही, पुन्हा लावायची भानगड नाही. त्याला कॉपिसिंग म्हणतात म्हणे. हे आपल्या नागपुरात जमेल का, काड्या कुठं मिळतील, किती लावाव्या लागतील? कोणी असं काही करत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बागुलबुवा

आधी मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्वतः शेतात तासभर उभे राहून बघा भाऊ, तुम्ही टिकलात तर विलोचा विचार करू :)

सॉमरसेटची_सून

मी मूळची धरमपेठेतली, आता बरीच वर्षं इंग्लंडात सॉमरसेटला. आमच्या घरामागे विलोचा छोटा तुकडा आहे आणि हिवाळ्यात शेगडीत तेच जळतं, त्यामुळे इथलं सांगते, तिकडं लागू पडेल की नाही ते तुम्ही ठरवा.

लावणं खरंच सोपं आहे. पानं गळलेली असताना पेन्सिलीपासून अंगठ्याइतक्या जाडीची, वीतभर लांब काडी कापायची आणि डोळे वर ठेवून जमिनीत खुपसायची, फक्त एक-दोन डोळे बाहेर. मुळं आपोआप फुटतात. पहिलं वर्ष संपलं की सगळं जमिनीलगत कापून टाकायचं, जीव खालीवर होतो पण कापायचं, कारण त्यामुळेच एका सोटाऐवजी पाच-सात-दहा धुमारे येतात. मग जे करायचंय त्यावर फेरी ठरते. इथे टोपल्या विणणारे दरवर्षी कापतात, त्यांना बारीक लवचिक छड्या हव्या असतात. वीजकेंद्राला लाकडाच्या चिप्स पुरवणारे मोठे शेतकरी साधारण दर तीन वर्षांनी मशीननं कापतात, ते हेक्टरी १५,००० च्या आसपास काड्या लावतात, म्हणजे फार दाट. घरच्या शेगडीला मनगटाएवढं किंवा त्याहून जाड लाकूड हवं असेल तर मीटर-दीड मीटरवर लावून चार-पाच वर्षं थांबतात. चांगल्या जमिनीत हेक्टरी वर्षाला ८ ते १२ टन कोरडं लाकूड निघतं असं इथं धरतात आणि एक खुंट वीस वर्षांहून जास्त चालतो.

आता दुसरी बाजू, जी व्हिडिओवाले दोन सेकंदात उरकतात. विलोला पाणी लागतं. नुसतं लागत नाही, ती पाण्यामागे धावते, घराजवळ लावली तर ड्रेनेजच्या पाइपात मुळं घुसतात. आमचा हा भागच दलदलीचा, हिवाळ्यात शेतं पाण्याखाली जातात, म्हणून ती इथं माजते. दुसरं म्हणजे ताजं कापलेलं विलोचं लाकूड वजनानं निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ओलं जाळलं तर ओंडक्याच्या टोकाला फेस येतो, सूं सूं आवाज करतं, शेगडीची काच काळी आणि खोलीभर आंबूस वास. इथे वर्ष-दीड वर्ष वाळवावं लागतं. आणि वाळल्यावर ते एकदम हलकं होतं, भराभर पेटतं भराभर संपतं. किलोला किलो लावलं तर उष्णता ओकइतकीच, पण किलोभर व्हायला ढीग मोठा लागतो.

पानांवर तांबेरा येतो म्हणून एकच जात लावत नाहीत, तीन-चार मिसळून लावतात. बाकी मार्चमधे तिचे तुरे फुलतात तेव्हा मधमाश्यांना दुसरं फारसं काही नसतं, झाडाखाली उभं राहिलं की नुसती गुणगुण. असो, अवांतर झालं.

मौद्याचा_शेतकरी

ताईनं लय भारी सांगितलं. आता आमचं आयका. हुरडाभाऊ, तुमची विहीर मे मंदी तळाले जाते अन तुमी पाण्यावर जगनारं झाड लावाचं म्हनता? संत्र्याले पानी पुरून नाई राह्यलं, तुमी जळनाच्या झाडाले ड्रिप टाकान का? तेवढ्या पान्यात दोन वाफे पालक होते.

आमच्या बांधावर सुबाभूळ हाय. बाबानं लावली तवा जनावराच्या चाऱ्यासाठी लावली. आता जनावरं कमी झाले तर तिचं सरपनच करतो. बुडापासून हातभर वर तोडाची, पान्याआधी तोडली का श्रावनात मानसापेक्षा उंच. तोडा, पुन्हा येते. तोडा, पुन्हा येते. बंद कराची म्हनलं तरी होत नाई, हाच तिचा वांधा हाय. शेंगा वाळल्या का बी पडते अन मंग साऱ्या धुऱ्यानं सुबाभूळच सुबाभूळ.

हुरडा_पार्टी

@सॉमरसेटची_सून, खूप आभार, हेच पाहिजे होतं. पाण्याचं वाचून निम्मा उत्साह गेला. पण काश्मिरात तर विलो आहे ना, बॅट त्याच्याच बनतात, आणि लडाख तर वाळवंटच आहे, तिथं कशी जगते मग?

सायकलवर_लेह

लडाखमधे मी पाहिली आहेत ही झाडं. पाऊस नसला तरी पाण्यातच उभी असतात, हिमनदीचं पाणी पाटानं गावात आणतात आणि त्या पाटाच्या दोन्ही काठाला विलो अन पॉपलर. पाट संपला की झाड संपलं, पुढं सगळा दगडगोटा. आणि तिकडे जमिनीलगत कापत नाहीत, डोक्याएवढ्या उंचीवर कापतात म्हणजे गुरं-शेळ्या वरचा कोवळा फुटवा खात नाहीत. बुंधा जाडजूड आणि वर काटक्यांचा झुपका. पॉपलरचे वासे घराच्या छताला, त्यावर विलोच्या काड्या शेजारी शेजारी मांडून वर माती. लाहौलमधेपण असंच, पाला चाऱ्याला, काड्या जळणाला. काश्मिरात बॅटवाली विलो अनंतनाग-बिजबेहाराकडे, ती पण ओलीतली. म्हणजे थंडी प्लस पाणी, दोन्ही पाहिजे. आपल्याकडे हिवाळ्यात दोन आठवडे स्वेटर निघतो त्याला ती थंडी म्हणणार नाही.

रानवाटा

वनखात्यात नोकरी झाली, बराच काळ रामटेक-पारशिवनी भागात, म्हणून थोडं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

विलोच्या कुळातलं आपलं देशी झाड आहे, वाळुंज. सह्याद्रीत नदीकाठाला भरपूर दिसतं. तेही पाण्यात पाय ठेवूनच उभं असतं, त्यामुळे कळमेश्वरच्या मुरमात त्याचा उपयोग नाही. तुमच्या शेतातून बारमाही नाला जात असता तर वेगळी गोष्ट होती.

पण कापून पुन्हा फुटवा घ्यायची ही पद्धत विलोची एकटीची नाही आणि इंग्लंडचीही नाही. मध्य प्रांताच्या जंगलात इंग्रजांच्या काळापासून याच पद्धतीनं जळाऊ लाकूड आणि बल्ल्या निघायच्या. जंगलाचे कूप पाडायचे, समजा चाळीस वर्षांची फेरी असेल तर चाळीस कूप, दरवर्षी एकच कूप तोडायचा, म्हणजे शेवटचा कूप तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा तयार. चांगली, फळाची, बियांची झाडं राखून ठेवायची आणि बाकीच्याचं कॉपिस. गावकऱ्यांना निस्ताराचं, म्हणजे हक्कानं घरापुरतं, जळण यातूनच मिळायचं. साग, धावडा, पळस, तेंदू हे सगळे खुंटातून जोरात फुटतात. धावड्याचं जळण आणि कोळसा तर एक नंबर, पण वाढ हळू, तुमच्या हयातीत नातवासाठी लावल्यासारखं होईल.

खुंटाचा फुटवा रोपापेक्षा इतका वेगानं का वाढतो? कारण वरचं झाड गेलं तरी खालची सगळी मुळं तशीच आहेत आणि त्यांच्यात अन्न साठलेलं आहे. पानगळीनंतर तोडायचं कारण तेच, साठा तेव्हा मुळात उतरलेला असतो. भर पावसाळ्यात, झाड पाल्यानं भरलेलं असताना तोडलं तर फुटवा येतो पण मरतुकडा.

सगळी झाडं मात्र असं करत नाहीत हे लक्षात ठेवा. आपल्या बाभळीचं जळण सगळ्यांना माहीत आहे, पण ती खुंटातून नीट फुटत नाही, तिला बियांपासूनच परत आणावी लागते. सुरूचंही तसंच. त्यामुळे बाभूळ लावून कॉपिस करू म्हणाल तर पहिल्या तोडीलाच खेळ खलास.

तुमच्यासाठी माझं मत: गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ आणि मुरमाड भागात काशीद. तिन्ही फुटव्याला पक्के. काशीद रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा दिसतो तोच. बांधावर आधीच बोरी असतील तर त्या काढू नका, बोर कितीही तोडा परत येते आणि लाकूड जड, निखारा टिकतो. वेडी बाभूळ मात्र कोणी कितीही सांगितलं तरी लावू नका. जळण म्हणून ती उत्तम आहे यात वाद नाही, पण एकदा आली की तुमची दोन एकर तिची.

बागुलबुवा

रानवाटा काका, दंडवत. कूप पाडायची आयडिया घरच्या शेताला पण लागू होते की, तीन वर्षांची फेरी तर तीन कूप.

रानवाटा

तेच सुचवणार होतो. अगदी तसंच.

लकडगंज_वाला

आमचा तीन पिढ्यांचा लाकडाचा धंदा, इमारती लाकूड मुख्य, पण शेजारीच जळाऊ लाकडाची टाल होती त्यामुळे यातलं बरंच पाहिलंय. तुम्ही सगळे कोणतं झाड कोणतं झाड करून राहिले, कोणी हे विचारत नाही की जळण किती लागते.

बंबाला दिवसाला साधारण ५ किलो वाळलेलं लाकूड धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० दिवस, म्हणजे ६०० किलो. चुलीवरचं शनिवार-रविवारचं, हुरड्याचं, शेकोटीचं मिळून अजून ४०० धरा. झालं वर्षाचं एक टन, वाळलेलं. ताईंनी विलोचा हेक्टरी ८ ते १२ टनांचा हिशोब सांगितला, त्या दरानं एका टनाला १० गुंठे पुरतात. पण ते तिकडचं पाणी आणि तिकडची जमीन. आपल्याकडे बिनपाण्याचं मुरमाड रान म्हटलं तर मी तरी निम्मंच धरीन, म्हणजे २० गुंठे. दीड-दीड मीटरवर लावलं तर २० गुंठ्यात पावणेनऊशे-नऊशे झाडं बसतात, त्याचे तीन कूप, दरवर्षी तीनशे खुंट तोडायचे. एका खुंटाला तीन-साडेतीन किलो वाळलेलं लाकूड निघालं तरी तुमचा टन पुरा. हे काही अवघड नाही.

आता महत्त्वाचं. ओलं लाकूड जाळणं म्हणजे पाणी उकळायला पाणीच जाळणं. पूर्ण वाळलेल्या लाकडात किलोला साधारण ४५०० किलोकॅलरी असतात, झाड कोणतंही घ्या, उन्नीस-बीस. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून २००० च्या आसपास हाती लागतात, कारण निम्मं वजन तर पाण्याचंच आणि वर ते पाणी वाफ करून घालवण्यात काही जातात. ताईंना दीड वर्ष लागतं, आपल्याला नागपूरच्या उन्हानं फुकट भट्टी दिली आहे. फेब्रुवारीत तोडा, लगेच बंबाच्या मापाचे तुकडे करा, एप्रिल-मेमधे उघड्यावर पडू द्या, जूनच्या पहिल्या पावसाआधी शेडमधे. कडकडीत होते. फक्त रचताना खाली विटा किंवा दगड द्या, जमिनीवर ठेवलं तर उधई खाऊन टाकते. वर पत्रा, बाजूनं वारा मोकळा, चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळू नका, आत बुरशी धरते.

वाळलं की नाही ते बघायला मशीन लागत नाही. दोन-तीन तुकड्यांवर खूण करा, दर आठवड्याला किराण्याच्या काट्यावर ठेवा, वजन उतरायचं थांबलं की झालं. किंवा दोन तुकडे एकमेकावर आपटा, ओलं असेल तर धप्प, वाळलं असेल तर टण्ण. आणि सुबाभळीचं लाकूड सालीसकट वर्षभर ठेवलं की भुंगा लागून पीठ पडते, म्हणून त्याच हिवाळ्यात संपवा, साठवून ठेवायचा लोभ करू नका.

सॉमरसेटची_सून

लकडगंजवाले, वाळवण्याबद्दल शंभर टक्के. इंग्लंडात २०२१ पासून नियमच आहे, दोन घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचं तर त्यात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही, धुरामुळे. तुमच्या मे महिन्याचा मला हेवा वाटतो हे वाक्य मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

चूल_आणि_मी

पुरुषमंडळींची टनाची चर्चा झाली असेल तर जी चुलीपुढे बसते तिचं पण ऐका.

सगळ्या कामाला एकच लाकूड चालत नाही. लंबी रोटी करायची तर मटकं उलटं ठेवलेलं असतं, खालून जाळ सगळीकडून सारखा लागला पाहिजे, जाड ओंडका घातला तर एका बाजूला रोटी करपते आणि दुसऱ्या बाजूला कच्ची. तिथं बारीक, लांब, फटाफट पेटणाऱ्या काड्याच पाहिजेत, तुराट्या, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), नाहीतर हे तुमचे एका वर्षाचे फुटवे. हातावर रोटी फिरवत लांबवायची आणि त्याच वेळी पायानं काडी आत सरकवायची, हे करून बघा एकदा. रोडग्याला उलट, जाळ नकोच, गोवऱ्यांची आर पाहिजे, मटणाला जाड लाकूड मंद जळत ठेवायचं, आणि बंबाला मधल्या नळीत मावतील असे हातभर तुकडे.

म्हणून मला हे कॉपिसचं प्रकरण आवडलं ते वेगळ्या कारणानं. तीन वर्षांचा फुटवा मनगटाएवढा होतो, तो फोडावा लागत नाही. कोयत्यानं तोडला की बंबात. जाड लाकूड आणलं की कुऱ्हाड चालवायला माणूस शोधा, त्याची मजुरी द्या, तो आज येतो उद्या येतो. सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत, त्या स्वतः फुटवा तोडून बंब पेटवतात. मग टनाटनाची गणितं बाजूला ठेवा आणि फेरी दोन वर्षांची करा की तीनची ते बंबाच्या नळीच्या मापावरून ठरवा.

आणि धूर. चूल घरात असेल तर धुराडं आधी, झाडं नंतर. आपल्या वर्धा रोडच्या नीरीनं, म्हणजे त्या पर्यावरण संशोधन संस्थेनं, नीरधूर नावाची चूल काढली होती, तिच्यात लाकूड, काड्या, गोवरी सगळं चालतं आणि धूर कमी. तसलं काही मिळालं तर बघा. बाहेर अंगणात असेल तर प्रश्नच नाही.

हुरडा_पार्टी

ताई, चूल अंगणात आहे, पत्र्याखाली. बंबाची नळी मोजतो या शनिवारी :) फोडावं लागत नाही हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, बाबांना आता कुऱ्हाड जमत नाही.

एक विचारतो, पऱ्हाटीचा विषय निघालाच आहे तर. शेजारच्या शेतात कापूस असतो, पऱ्हाटी फुकट घेऊन जा म्हणतात. मग झाडं लावायचा खटाटोप कशाला, तीच रचून ठेवली तर?

कापूसकोंडा

घ्या, पण रचून ठेवू नका, हात जोडून सांगतो. पूर्वी आपल्याकडे प्रत्येक घरामागे पऱ्हाटीचा ढीग असायचा, वर्षभर तीच जळायची, खरं आहे. पण आता गुलाबी बोंडअळी आहे. पऱ्हाटीला जी किडकी, अर्धवट उमललेली बोंडं अडकून राहतात त्यात अळी सुप्तावस्थेत पडून राहते, पुढचा कापूस फुलावर आला की पतंग होऊन थेट त्यावर. म्हणून तर फरदड (जुन्याच झाडांवर पाणी देऊन लांबवलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, पऱ्हाट्या बांधावर रचू नका असं कापूस संशोधन संस्थावाले आणि कृषी विभाग दरवर्षी ओरडून राहिले. शेतातच श्रेडरनं बारीक करून मातीत गाडणं सगळ्यात बरं. जाळायलाच न्यायची असेल तर बोंडं झाडून वेगळी करून नष्ट करा आणि उन्हाळ्यातच संपवा. तुम्ही तुमचा बंब तापवाल आणि शेजाऱ्याचा कापूस जाईल, असं नको.

तुराट्यांना हा प्रॉब्लेम नाही. तुरीच्या तुराट्या बिनधास्त साठवा.

मौद्याचा_शेतकरी

कापूसकोंडा भौ बराबर बोलले. आमच्या गावात अजून ऐकत नाई लोकं, ढीग लावूनच ठेवते.

हुरडाभाऊ, एक मोठी गोष्ट कोनी सांगितलीच नाई. रोही! तुमच्या तिकडं रोही, म्हनजे नीलगायी, हायेत का नाई? कोवळा फुटवा म्हनजे त्याईचं जेवनाचं आमंत्रन. सुबाभूळ बुडातून तोडली का रात्रीतून साफ, शेळ्या वेगळ्या. म्हनून तर आमी हातभर वर तोडतो, काई ठिकानी छातीएवढी. लडाखवाल्या भौनं सांगितलं ना वर कापते म्हनून, तेच. गिरिपुष्पाले मात्र रोही तोंड नाई लावत सहसा, वासानं. म्हनून कुंपनाच्या लाइनीत गिरिपुष्प लावा अन आतमंदी सुबाभूळ.

अन घोडं-गाढव असन तं सुबाभळीचा पाला त्याले नोका देऊ, केस झडते त्याचे. गाई-म्हशीले थोडा थोडा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून.

रानवाटा

रोह्याचा मुद्दा मी विसरलो नव्हतो, लिहायचा कंटाळा केला. मौदेकरांनी बरं केलं.

तोडण्याबद्दल दोन शब्द. हत्यार धारदार असलं पाहिजे, बोथट कुऱ्हाडीनं साल उचकटते आणि खुंट तिथूनच कुजतो. काप थोडा उतरता घ्या म्हणजे पावसाचं पाणी वर साचत नाही. तोडल्यावर एका खुंटाला पंधरा-वीस धुमारे येतात, सगळे ठेवले तर सगळे काडीच राहतात. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा फिरून तीन-चार दमदार ठेवा, बाकी काढा, ते काढलेले ताईंच्या लंबी रोटीला. पहिली तोड घाईनं करू नका. विलो पहिल्याच वर्षी छाटतात, कारण तिची मुळं ओलीत भराभर पसरतात. आपल्या कोरडवाहू रानात रोपाला दोन पावसाळे तरी मुळं धरू द्या, बुंधा मनगटाएवढा होऊ द्या, मग कुऱ्हाड.

आणि सुबाभळीच्या बियांचा बंदोबस्त असा की शेंगा तपकिरी व्हायच्या आत तोड करायची. बांध आणि नाल्याकडची बाजू सोडून लावा, पाण्याबरोबर बी खाली सगळ्यांच्या शेतात जाते.

बागुलबुवा

कायद्याचं काय? झाड तोडलं म्हणून उद्या कोणी दारात आलं तर?

रानवाटा

शेतजमिनीला १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, हिरडा, खैर, चंदन, बीजा, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. म्हणून सरपणासाठी साग-मोहाच्या नादी लागू नका. सुबाभूळ आणि गिरिपुष्प त्या यादीत नाहीत. पण नागपूर महापालिकेच्या हद्दीत वेगळं, तिथं १९७५ चा नागरी क्षेत्राचा झाडांचा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे शहरातल्या प्लॉटवर हा प्रयोग करायचा विचार कोणी करत असेल तर आधी तिथे विचारा. लाकूड गाडीत भरून शहरात आणायचं असेल तर निघण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, वाहतुकीचे नियम तोडीच्या नियमांपेक्षा वेगळे असतात.

सुबाभूळ_पीडित

उशिरा आलो. सुबाभळीची एवढी आरती चालू आहे म्हणून लिहितो. सत्तरीच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं वगैरे ती गावोगाव पोहोचवली तेव्हा कल्पवृक्ष म्हणूनच आली होती, चारा, जळण, खत सगळं एकात. मग १९८८ च्या सुमारास सायलिड नावाची बारीक कीड आली, शेंडेच्या शेंडे चिकट होऊन वाळले, लोकांचा भरवसा उडाला. झाड मेलं नाही, पण एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवली की असं होतं. तिकडे ताईंच्या गावात विलोच्या तीन-चार जाती मिसळतात ते उगाच नाही. २० गुंठ्यात निम्मं गिरिपुष्प, बाकीच्यात काशीद आणि थोडीच सुबाभूळ, असं करा.

गिरिपुष्पाचं अजून एक, तो विलोसारखा काडीवरून लागतो. हुरडाभाऊंना काडी खुपसायची हौस आहे ती तिथं भागेल. फक्त पेन्सिलीएवढी काडी नाही चालत, मनगटाएवढा, कमरेएवढा लांब दांडा लागतो.

रानवाटा

कुंपणाला दांडे चालतील. पण आतल्या रानात बियांची रोपं लावा. दांड्याला सोटमूळ येत नाही, मुळं वरच्या थरात पसरतात, तुमच्या मुरमात पहिल्या दोन उन्हाळ्यात बरेच दगावतात. बियांचं रोप खाली खोल जातं. सुबाभळीचं बी टणक असतं, पाणी उकळून खाली उतरवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग बी त्यात टाकून तीन-चार मिनिटांनी काढून गार पाण्यात रात्रभर. नाहीतर अर्धं बी उगवतच नाही.

हुरडा_पार्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलं ते असं, विलो कॅन्सल. मुरमाड बाजूचे २० गुंठे घेतो, तीन कूप, कुंपणाला गिरिपुष्पाचे दांडे, आत गिरिपुष्प आणि काशीदची रोपं, सुबाभूळ फक्त मधल्या कूपात दोन ओळी. बांधावरच्या बोरी आहेत तशा. तोड फेब्रुवारीत, छातीएवढ्या उंचीवर, कारण रोही आहेत आणि भरपूर आहेत. पहिली तीन वर्षं तुराट्या आणि विकतचं लाकूड. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात रोपांची चौकशी करतो. गिरिपुष्पाचे दांडे कोणाकडे मिळतील का?

मौद्याचा_शेतकरी

माह्याकडून न्या ना भाऊ, पैसे कायचे. पन आत्ता नोका येऊ, एप्रिलचं ऊन हाय, दांडा वाटेतच वाळते. एक चांगला पानी पडू द्या, रोहिनीचा नाई, मिरगाचा, मंग पिकअप घेऊन या. सकाळी तोडून देतो, संध्याकाळच्या आत गाडले पायजे. अन येताना गोनपाट ओला करून आना झाकाले.

सॉमरसेटची_सून

पहिल्या तोडीचे फोटो टाका हं, आणि तोडीला डिसेंबर-जानेवारी चालत असेल तर तेव्हाच करा, मी सुट्टीवर येणार आहे.

रानवाटा

डिसेंबर लवकर होतो, जानेवारीअखेर चालेल. पण तीन वर्षांनंतरचा जानेवारी, तिकीट आत्ता काढू नका.